कमान नंतर, आधी ऑगस्टचा खर्च

पत्र:

मी एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल केलं. पुढच्या डिसेंबरात आमच्या बॅचला २५ वर्षं होतील. स्नेहमेळावा ठरतोय आणि ग्रुपवर एकच प्रस्ताव जोर धरतोय: कॉलेजच्या दारात बॅचच्या नावाची कमान. अंदाज १५ लाखांचा आहे. मला ते पटत नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलो. पहिल्या वर्षी मेसचे पैसे भरता आले नाहीत, तेव्हा एका सीनियरने दोन महिने मला आपल्या डब्यात जेवू घातलं. पैसे मुलांसाठी द्यावेत असं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरं आली: ‘आता सगळ्यांना शिष्यवृत्ती मिळते’, ‘सरकारी कॉलेजला दिलेले पैसे खात्यात अडकून पडतात’, ‘मागणारा खरंच गरजू आहे हे कोण ठरवणार?’ एक मित्र अमेरिकेत आहे, तो मोठी रक्कम द्यायला तयार आहे; पण ती पाठवायची कशी ते कळत नाही. माझा स्वतःचा पगार बरा आहे, तरी घराचा हप्ता चालू आहे आणि मुलगी बारावीला आहे. मी किती द्यावं, कोणाकडे द्यावं आणि बाकीच्यांना कसं पटवावं?

– एक माजी विद्यार्थी, पुणे

उत्तर:

नमस्कार,

‘कमानीपेक्षा मुलांना द्या’ एवढंच म्हणालात तर ग्रुप ऐकणार नाही. मुलांना पैसे नेमके कधी आणि कशासाठी कमी पडतात हे सांगितलंत, तर ऐकेल. मी बरीच वर्षं अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवलं आणि त्यातली काही वर्षं शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्यात गेली. मदत किती मिळाली यापेक्षा ती कोणत्या तारखेला हातात पडली यावर मुलाचं वर्ष ठरतं, हे मी तिथे पाहिलं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी याच एका मुद्द्यावरून देणार आहे.

शिष्यवृत्ती मिळते, हे मित्रांचं म्हणणं खरं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, आणि हे फार मोठं पाऊल आहे. शिक्षण शुल्क माफीच्या (ट्यूशन फी वेव्हर) जागा आहेत, एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठी वर्षाला ५० हजारांची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे.

पण यातल्या बहुतेक योजना शुल्काभोवती फिरतात. वसतिगृहाची अनामत, मेसचा आगाऊ हप्ता, खोलीत जागा मिळाली नाही तर बाहेरच्या कॉट बेसिसचं डिपॉझिट, लॅपटॉप, वर्कशॉपचे बूट आणि एप्रन, गावाहून येण्याजाण्याचं भाडं, हे सगळं शुल्काच्या बाहेर राहतं. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. पण अर्ज, कागदपत्रं, पडताळणी आणि मंजुरी होऊन ती रक्कम खात्यात येईपर्यंत सत्र बरंच पुढे गेलेलं असतं. कधीकधी वर्षच संपतं.

आता प्रवेशाचे दिवस डोळ्यांसमोर आणा. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या कॅप राउंडची यादी लागते आणि मोजक्या दिवसांत कॉलेजात हजर राहून प्रवेश पक्का करावा लागतो. त्याच दिवसांत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता यांसाठी तहसील आणि जात पडताळणी समितीच्या कार्यालयांत खेपा चालू असतात. शेतकऱ्याच्या घरात जुलै-ऑगस्ट हा पैसा जाण्याचा काळ. बी-बियाणं, खत, फवारणी होऊन गेलेली असते आणि सोयाबीन हाती यायला अजून अवकाश असतो. नेमकं तेव्हाच घरातून तीस-चाळीस हजार रोख काढायचे. मग सावकार, नातेवाईक, आईचे डोरले. ते नाही जमलं तर मुलगा चांगलं सरकारी कॉलेज सोडून तालुक्याला जे मिळेल ते घेतो. मुलीच्या बाबतीत तर ‘फी माफ आहे, पण पुण्यात राहायचं कुठे आणि कोणाच्या भरवशावर’ या एका वाक्यावर घरचा निर्णय होऊन जातो. शिष्यवृत्तीच्या यादीत ही मुलं दिसत नाहीत, कारण ती त्या यादीपर्यंत पोचलेलीच नसतात.

शाहू महाराजांनी हे शतकभरापूर्वी ओळखलं होतं. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तरच तो शाळेच्या बाकावर बसू शकतो, हे त्यामागचं साधं गणित होतं. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलांसाठी तेच करते आहे. तुमच्या सीनियरने डबा पुढे केला, तोही याच रांगेतला. ग्रुपवर हे लिहा. डब्याची गोष्ट तुम्ही मला सांगितलीत, त्यांना बहुधा सांगितली नसेल.

ऑगस्टनंतरही दोन अवघड वळणं येतात. पहिलं, पहिल्या सत्राच्या निकालाचं. मराठी माध्यमातून आलेली मुलं हुशार असूनही एम-वन (पहिल्या सत्राचं गणित) आणि मेकॅनिक्समध्ये अडकतात. प्रश्न समजायलाच वेळ जातो. बॅकलॉग साठत जाऊन वायडी लागलं, म्हणजे वर्ष मागे पडलं, की शिष्यवृत्तीत अडथळा येतो, वसतिगृहाची खोलीही जाऊ शकते. ज्या वर्षी मुलाला आधार सगळ्यांत जास्त हवा, त्याच वर्षी सगळे आधार एकदम सुटतात. माजी विद्यार्थ्यांचे बहुतेक पुरस्कार मात्र टॉपरला मिळतात. टॉपरचं कौतुक व्हावंच, पण त्याचा मार्ग बऱ्यापैकी मोकळा झालेला असतो. तुमच्या निधीच्या नियमांत ‘किमान इतके सीजीपीए’ ही अट घालू नका, ही माझी आग्रहाची विनंती. वर्ष मागे पडलेल्या मुलाला एक संधी द्या.

दुसरं वळण म्हणजे घरावर आलेलं संकट. वडील गेले, आईचं ऑपरेशन निघालं, पीक वाहून गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अतिवृष्टीने शेतांतली मातीसुद्धा खरवडून नेली. त्या गावांतली मुलं तेव्हा शहरांतल्या वसतिगृहांत सत्र परीक्षेची तयारी करत होती आणि पुढच्या महिन्याची मेस कशी भरायची हे त्यांना माहीत नव्हतं. अशा वेळी सहा महिन्यांनी मंजूर होणारे ५० हजार कामाचे नाहीत. तीन दिवसांत मिळणारे ८ हजार वर्ष वाचवतात.

‘खरा गरजू कोण हे कसं ठरवणार’ या आक्षेपाचं उत्तर कॉलेजातच आहे. रेक्टर, मेसचा हिशेब ठेवणारा माणूस, शिष्यवृत्ती विभागातले कारकून आणि पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या एक-दोन प्राध्यापिका यांना कोणत्या मुलाने रात्रीचं जेवण बंद केलंय हे कळतं. त्यांच्यातले तिघं आणि तुमच्या बॅचमधले दोघं अशी छोटी समिती करा. अर्ज एक पानाचा असू द्या. सरकारी योजनेसाठी जे दाखले मुलाने एकदा दिलेत तेच पुन्हा मागू नका. दहा हजारांपर्यंतचा निर्णय समितीतल्या दोघांना फोनवर घेता यायला हवा, त्यावरच्या रकमेचा सात दिवसांत. एखादवेळी चुकीच्या मुलाला दहा हजार जातील. जाऊ देत. ती चूक टाळण्यासाठी लावलेल्या चाळण्यांत दहा खरे गरजू गळतात, ते नुकसान जास्त मोठं आहे.

आणखी एक, यात तडजोड करू नका: चेक देतानाचा फोटो नको. स्टेजवर बोलावणं नको, ग्रुपवर मुलांची नावं नकोत, आभाराची पत्रं लिहून घेणं नको. १९ वर्षांच्या मुलाला आपली गरिबी सगळ्या वर्गासमोर मांडायला लावली की पुढच्या वेळी तो मागायला येत नाही, उपाशी राहतो. देणगीदारांना हिशेब मिळायलाच हवा. किती मुलांना, कशासाठी, किती आणि किती दिवसांत, हे आकड्यांत द्या. नाव समितीपाशीच राहू द्या.

निवड करताना जातीचा वादही ग्रुपवर निघेल. ‘त्यांना तर सगळं मिळतं’ असं कोणीतरी लिहीलच. त्याला शांतपणे सांगा, शुल्क माफ झालेल्या मुलालाही दोन वेळा जेवावं लागतं, आणि खुल्या गटातल्या अल्पभूधारकाच्या मुलालाही. निधी गरजेवर चालू द्या. कोणत्याही एका समाजापुरता राखून ठेवू नका आणि कोणत्याही समाजाला वगळूही नका.

परतफेडीची अट घालावी का? बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावं असं सुचवणारे बरेच भेटतील. मी विरोधात आहे. या घरांवर आधीच पीककर्ज असतं, बहुतेकदा शैक्षणिक कर्जही. नोकरी लागल्यावर जमेल तेव्हा निधीत भर घाल, एवढं तोंडी सांगा. घालणारे घालतात.

आता पैसे ठेवायचे कुठे. सरकारी यंत्रणेत रक्कम जमा झाली की ती खर्च करण्याच्या मंजुरीला वेळ लागतो, ही मित्रांची भीती रास्त आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी माजी विद्यार्थी संघटना हा वेगळा मार्ग असतो. तुमच्या कॉलेजची संघटना नोंदणीकृत आहे का ते पाहा. नॅक या कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्यामुळे अनेक कॉलेजांनी ती नोंदवलेली असते. मात्र काही संघटना कागदावरच राहतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, विश्वस्तांची चालू यादी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र या चार गोष्टी मागा. त्या मिळाल्या तर त्याच संघटनेत तुमच्या बॅचच्या नावाने वेगळा, खास हेतूचा निधी उघडा आणि समितीचे नियम लेखी ठरावात घ्या. संघटना मेलेली असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटून ती जिवंत करणं हे नवा ट्रस्ट काढण्यापेक्षा सोपं जातं. नवा ट्रस्ट म्हणजे नोंदणी, पॅन, करसवलतीची मान्यता, दरवर्षी लेखापरीक्षण. उत्साह ओसरल्यावर हे सगळं एकट्या तुमच्या गळ्यात पडेल. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे गोळा करू नका, तो माणूस कितीही विश्वासाचा असला तरी. करसवलतीबद्दल एवढंच सांगा की ती जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांनाच मिळते आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही.

अमेरिकेतल्या मित्राला पहिला प्रश्न विचारा, पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असेल तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो, ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असूनही ती परदेशी देणगी ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेला एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. ‘भावाच्या खात्यात पाठवतो, तो देईल’ हा मार्ग कोणी सुचवला तर नाही म्हणा. त्यात भाऊ आणि संघटना दोघंही अडचणीत येतील. मोठ्या संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांनी यासाठी अमेरिकेत स्वतंत्र संस्था नोंदवल्या आहेत, आयआयटी मुंबईची हेरिटेज फाउंडेशन हे त्याचं ठळक उदाहरण. तुमच्या कॉलेजची तशी सोय होईपर्यंत मित्राकडून पैशांऐवजी शनिवारची सकाळ मागा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांच्या मुलाखतींची तालीम त्याने व्हिडिओवर घेतली, तर इंग्रजीला घाबरून प्लेसमेंटच्या दारातून परत येणाऱ्या मुलांना तो मोठा आधार होईल.

तसंच चाकण, वाळूज, अंबड, सातपूर इथल्या कारखान्यांत तुमच्या बॅचचे लोक नक्की असतील. त्यांच्याकडून विद्यावेतन मिळणारी इंटर्नशिप मागा. फुकट राबवून घेणारी इंटर्नशिप गरीब मुलाला परवडत नाही, कारण त्या शहरात राहायचं भाडं त्यालाच भरावं लागतं.

रकमेबद्दल. वर्तमानपत्रांत मोठे आकडे वाचून आपण खचतो. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. तिथल्याच १९९८ च्या बॅचने पंचविसाव्या वर्षानिमित्त ५७ कोटी उभे केले. २०२५ मध्ये मुकेश अंबानी यांनी आपल्या जुन्या संस्थेला, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला, १५१ कोटी जाहीर केले. त्या पैशांतून प्रयोगशाळा, संशोधन आणि इमारती उभ्या राहतात आणि त्या हव्यातच. मेसच्या बिलाला मात्र कोटी लागत नाहीत.

कमानीचे १५ लाख ठेव म्हणून ठेवले आणि ७ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला १ लाख ५ हजार येतात. त्याऐवजी बॅचमधल्या ४० जणांनी महिन्याला हजार रुपये दिले तर वर्षाला ४ लाख ८० हजार होतात. एवढं व्याज मिळवायला जवळपास ६९ लाखांची ठेव लागेल. या रकमेत १२ मुलांना प्रवेशाच्या वेळी प्रत्येकी ३० हजार देता येतील आणि १ लाख २० हजार वर्षभरातल्या संकटांसाठी हाताशी राहतील. दर महिन्याचा हजार रुपयांचा आपोआप जाणारा हप्ता मेळाव्याच्या जोशात जाहीर झालेल्या लाखापेक्षा भरवशाचा असतो. जाहीर झालेले लाख पुष्कळदा येतच नाहीत.

तुम्ही स्वतः हजार द्या. मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी तिच्याच शिक्षणाचा खर्च सुरू होईल. त्याहून जास्त देऊन घरात ओढाताण करू नका. घरी आधी बोला. पैशांपेक्षा तुमच्याकडून मला दुसरं काम हवंय: समितीत बसायचं आणि ऑगस्टमध्ये फोन उचलायचा.

‘आपण कर भरतो, हे सरकारनेच करावं’ असंही कोणी म्हणेल. करावंच. आपली सगळ्यांची शिक्षणं सरकारी पैशांतून स्वस्तात झाली, तसंच यांचंही व्हावं. म्हणून निधीसोबत दुसरं कामही करा. तुमच्या कॉलेजातल्या किती मुलांचा निर्वाह भत्ता किती महिने थकलाय याची माहिती दरवर्षी गोळा करून तंत्रशिक्षण संचालनालयाला आणि आपल्या आमदारांना लेखी कळवा. विद्यार्थ्याने लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. शंभर अभियंत्यांच्या सह्यांचं पत्र सहज बाजूला टाकता येत नाही.

कमानीचा हट्ट धरणाऱ्यांशी भांडू नका. त्यांनाही कॉलेजबद्दल प्रेम आहे, ते दाखवायला त्यांना जागा हवी आहे. ती द्या: दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, बॅचच्या नावाने निधीचा हिशेब कॉलेजच्या फलकावर लागू द्या. ज्यांच्या जन्मदिनी आपण हा दिवस पाळतो ते विश्वेश्वरय्या बंगळूरला शिकवण्या करून शिकले आणि पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, आले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. त्या शिष्यवृत्तीनेच त्यांना पुण्यापर्यंत आणलं होतं.

ग्रुपवर टाकायला एक मजकूर देते. हवा तसा बदला.

‘मित्रांनो, कमानीचा विषय मेळाव्यापर्यंत बाजूला ठेवू. त्याआधी एक करून पाहू. येत्या प्रवेशाच्या वेळी आपल्या कॉलेजात येणाऱ्या १२ मुलामुलींची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांची मेस आपण भरायची. महिना हजार रुपये, ४० जण हवेत. पैसे माजी विद्यार्थी संघटनेच्या खात्यात, पावतीसह. निवड रेक्टर आणि सर-मॅडम करतील, आपल्यातले दोघं सोबत असतील. मुलांची नावं कोणालाही कळणार नाहीत, हिशेब सगळ्यांना कळेल. मी पहिला. रविवारी रात्रीपर्यंत ज्यांना जमेल त्यांनी आपलं नाव खाली लिहा. सोमवारी मी रेक्टरांना फोन करतो.’